वाकलेला रॉड

गाडीखाली झोपलं की सगळ्यात आधी डोळ्यात माती जाते. ती गेली, डोळे चोळले, टॉर्च दातात धरली आणि लिव्हरकडून मागे ट्रान्सफर केसकडे (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी, गिअरबॉक्समागची पेटी) जाणारा रॉड शोधला, जेमतेम करंगळीएवढा जाड. तो वाकलेला होता. फार नाही, घाईत बघितलं असतं तर कळलंही नसतं, पण टॉर्चचा उजेड त्याच्यावरून सरकवला की मध्यावर एका जागी उजेडाची रेघ तुटत होती. तिथे बोट फिरवलं. वाकाच्या बाहेरच्या अंगाला काळा रंग बारीक बारीक तडकलेला आणि प्रत्येक तड्यात तांबूस गंज बसलेला. म्हणजे हा वाक काल-परवाचा नव्हता. माझ्या हातचा तर नव्हताच, कारण मी गाडी घेऊन फार दिवस झाले नव्हते आणि लिव्हर अडतोय म्हटल्यावर मी तो सोडून दिला होता. कोणीतरी कधीतरी हा लिव्हर दोन्ही हातांनी, पाय टेकवून, जीव खाऊन ओढला होता.

खरं तर मला लो रेंज, म्हणजे गाडी सावकाश पण जास्त जोराने चालवणारा गिअर, का पडत नाही एवढंच शोधायचं होतं. ते सापडलं, दुरुस्तही झालं, पण तो वाक काही डोक्यातून जाईना.

गाडी सेकंडहँड म्हणून घेतलेली, पण हात किती बदलले असतील देव जाणे. जुन्या पद्धतीची, मुख्य गिअरच्या शेजारी दोन छोटे लिव्हर: एक पुढचा एक्सल जोडायचा आणि दुसरा हाय, न्यूट्रल, लो. पहिला छान पडायचा. दुसरा हायमध्ये बसलेला तो बसलेलाच. घेताना विचारलं होतं, "काका, लो टाकून बघितलाय का?" तर काका अगदी मोकळेपणाने म्हणाले होते, "नाही रे बाबा, कधी गरजच पडली नाही." आता जुनी गाडी बघायला गेलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून बरंच वाटतं, नाही का? म्हणजे गाडी कुठे दगडाधोंड्यात घातलेली नाही, नदीनाल्यात बुडवलेली नाही, आरामात चालवलीय. पण खाली जे काही आहे, रॉड, पिना, बुश (सांध्यात बसणारी छोटी नळी), त्यांच्यावर चिखल-पाणी तर रोजच उडतं, डांबरी रस्त्यावरही उडतं. त्यातला जो भाग हलतो तो स्वतःच स्वतःला घासून साफ ठेवतो आणि जो हलत नाही तो हळूहळू शेजारच्या लोखंडाशी एकजीव होत जातो. ऑफरोड गाड्यांमधली लो रेंज ही बहुतेक वेळा वापरून नाही, न वापरून जाते.

लिव्हर अडकतो म्हणजे नेमका कसा अडकतो हे हाताला नीट विचारावं लागतं. लोक सरळ म्हणतात "पडत नाही", आणि समोरचा लगेच ट्रान्सफर केस उतरवायची भाषा सुरू करतो. पण अडकण्यात प्रकार आहेत. एक म्हणजे लिव्हर अगदीच सैल, हलवला की इकडून तिकडे जातो आणि गाडीला काही पत्ताच नाही, तिथे बुश फुटलेला असतो किंवा पिन पडलेली असते. दुसरा म्हणजे थोडा जातो आणि खणकन थांबतो, लोखंडावर लोखंड, तिथे दाते समोरासमोर आलेले असू शकतात नाहीतर आत काहीतरी अडवतंय. आणि तिसरा, माझा प्रकार, लिव्हर थोडा जातो, मग जड होतो, अजून ओढला तर अजून थोडा येतो आणि सोडला की परत जागेवर. हा लवचिकपणा मला खटकला. लोखंडाचं यंत्र असं हाताखाली दबून परत येत नाही, आलं तर मध्ये काहीतरी वाकतंय आणि सरळ होतंय असा त्याचा अर्थ.

खाली जायच्या आधी दोन शंका वरच्यावर काढून टाकायच्या होत्या. पहिली वाइंड-अपची. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या गोलातून जातात, म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापतात. ज्या गाडीत मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नाही आणि पुढचा-मागचा शाफ्ट सरळ एकमेकांना बांधलेले आहेत तिथे हा फरक जाणार कुठे? मातीत, वाळूत चाक जरासं घसरतं आणि हिशोब मिटतो. कडक रस्त्यावर चाक घसरत नाही, मग तो पीळ शाफ्टमध्ये, गिअरमध्ये साठत जातो, आणि दात्यांवर एवढा दाब येतो की गिअर जोडणारी सरकती बाही सरकूच शकत नाही. चारही टायर सारखे झिजलेले नसतील तर हेच सरळ रस्त्यावरही होतं. अशा वेळी लिव्हर ओढत बसण्यात काही अर्थ नसतो, स्टिअरिंग सरळ करून थोडं रिव्हर्स जायचं, पीळ सुटतो आणि लिव्हर एका बोटाने येतो. तर मी गाडी भुसभुशीत मातीत नेली, पुढे-मागे केली. काही फरक नाही. दुसरी शंका इंटरलॉकची. बऱ्याच जुन्या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा एक्सल जोडल्याशिवाय लो पडतच नाही अशी सोय आतच केलेली असते, कारण लोचा सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलवर गेला तर तो तुटायची भीती. १९४१ पासून सैन्यात गेलेल्या विलीज जीपमध्येही हेच होतं, तिच्यातही गिअरशेजारी असेच दोन छोटे लिव्हर आणि असाच क्रम. मी पुढचा एक्सल जोडूनच बघत होतो, त्यामुळे तीही शंका गेली.

उरलं खाली झोपणं.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण ती कळायच्या आत माणूस चिरडला जाऊ शकतो. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये गेली की इंजिन-गिअरबॉक्सचा आणि चाकांचा संबंध संपला. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवलेली असो नाहीतर ऑटोमॅटिकच्या पार्कमध्ये असो, ती उतारावरून निघून जाईल, कारण पार्कचा अडसर गिअरबॉक्समध्ये असतो, ट्रान्सफर केसच्या अलीकडे. आणि आपण तर नेमका तोच लिव्हर खालून हलवायला चाललोय. त्यामुळे सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे ठोकलेले, आणि तरीही आपलं डोकं टायरच्या वाटेत येणार नाही असं झोपायचं. माझा मित्र वर केबिनमध्ये बसला होता, त्याला हे सगळं दोनदा ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, "अरे हो रे, कळलं, तू लग्नाला नाही चाललायस, झोप आता."

तो लिव्हर ओढतोय, मी बघतोय. लिव्हरच्या खालच्या टोकाला पहिला रॉड, म्हणजे हा वाकलेला. तो मागे जाऊन एका बेल क्रँकला जोडलेला, बेल क्रँक म्हणजे एका पिनेभोवती फिरणारा कोनाकृती तुकडा, इकडून ओढलं की तिकडे ढकलणारा. त्याला दुसरा छोटा रॉड आणि तो ट्रान्सफर केसच्या बाहेर आलेल्या आर्मला. मित्राने ओढलं की पहिला रॉड धनुष्यासारखा आणखी वाकायचा, लिव्हरजवळचा नायलॉनचा बुश एका बाजूने तोंड उघडायचा, आणि बेल क्रँक? जागचा हलत नव्हता. वर मित्राच्या हाताला जे जाणवत होतं ते म्हणजे फक्त रॉड आणि बुश, त्याच्या पलीकडे ओढ पोचतच नव्हती. हे डोळ्याने बघितल्यावर अर्धा प्रश्न तिथेच सुटल्यासारखा होता पण अर्धाच, कारण बेल क्रँक गंजलाय म्हणून हलत नाही की पुढे आर्मच आतून अडलाय म्हणून, हे नुसतं बघून सांगता येत नाही.

म्हणून सोडवायला सुरुवात आर्मकडून केली. दुसऱ्या रॉडची पिन काढायला गेलो तर तिथे स्प्लिट पिनच्या जागी बाइंडिंग वायरचा पीळ. गंजलेला, जुना. मी हसलो. म्हणजे इथेही कोणीतरी येऊन गेलंय, असंच पाठीवर झोपून, असंच डोळ्यात माती घेऊन, आणि पिन परत बसवायच्या वेळी त्याच्याकडे स्प्लिट पिन नव्हती. वायर पकडीने उलगडली, रॉड बाजूला केला. आता आर्म मोकळा. त्याला पाना लावून हलक्या हाताने सरकवला. नाही हलला. अजून थोडा जोर. नाही. त्या क्षणी पोटात गोळाच आला, कारण आता ट्रान्सफर केस खाली उतरवायची, उघडायची, आत फोर्क (बाही सरकवणारा काटा) वाकलाय की त्याची रेल अडकलीय की अजून काही, ते सगळं डोळ्यासमोर यायला लागलं. जरा वेळ तसाच पडून राहिलो. मग विचारलं, "पुढचा एक्सल जोडलेलाच आहे ना रे?" वरून शांतपणे उत्तर, "नाही, तो मी काढून ठेवला मघाशी, म्हटलं आपलं व्यवस्थित असावं." इंटरलॉक आपलं काम चोख करत होता! त्याने लिव्हर परत टाकला, मी पाना लावला, आणि आर्म गेला.

तो कसा गेला ते सांगायला पाहिजे. आधी थोडा विरोध, मग एकदम सुटल्यासारखा होऊन पुढे, आणि 'टक'. न्यूट्रल. परत थोडा विरोध, परत 'टक'. तो आवाज डिटेंटचा, आतल्या रेलवर ठरावीक अंतरावर खाचा असतात आणि स्प्रिंगने दाबलेली एक छोटी गोळी त्या खाचेत जाऊन बसते, त्यामुळे गिअर आपल्या जागी राहतो. बाहेर एवढा गंज, चिखल, वायरीचे पीळ, आणि आत ती गोळी इतक्या वर्षांनी स्वच्छ, ठामपणे, जशी पहिल्या दिवशी बसली असेल तशी खाचेत बसली. पान्याच्या दांड्यातून तो टक हाताच्या तळव्यापर्यंत आला. मी उगाचच आर्म परत हायला नेला आणि परत लोला आणला, फक्त तो ऐकायला.

केसमध्ये काही बिघडलं नव्हतं. दोषी सापडला, बेल क्रँकची पिन. खरं तर गाडीतला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग, बोटाएवढी पिन, तिच्याभोवती फिरणारी लोखंडी बाही, आणि दोघांमध्ये ग्रीस असायला हवं तिथे गंजाचा भुगा. क्रँकच्या कडेला हातोडीचे घाव होते. तेही जुने, त्यांच्यावरही गंज. म्हणजे गोष्ट आता जरा स्पष्ट व्हायला लागली: कोणाला तरी लोची गरज पडली, लिव्हर जाईना, त्याने जोर केला, रॉड वाकला, बुश फाटला. मग तोच किंवा दुसरा कोणी खाली आला, रॉड काढला, क्रँकला हातोडी मारली, जमलं नाही, वायर गुंडाळून निघून गेला. हे सगळं कुठे घडलं असेल? पावसात? चिखलात रुतलेल्या गाडीखाली, अंधारात, आत बायकापोरं बसलेली असताना? की नुसतंच सहज, घराबाहेर उभी करून बघत असताना? वाक किती जोराचा ते रॉड सांगतो, माणूस किती घाबरलेला होता ते नाही सांगत.

गंजतेल मारून गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी परत मारलं, हलकेच ठोकलं, वाट बघितली. या कामात घाई करणाऱ्यांचा मला राग येतो, म्हणजे ज्याने हातोडी मारली त्याचाही थोडा येत होता, पण त्याच्याकडे रात्रभर थांबायला वेळ असेलच असं नाही. उष्णता देता येते, पण शेजारी ऑइल सील, वायरिंग आणि वरून जाणारी डिझेलची लाइन असताना तो मोह टाळलेला बरा. शेवटी पूर्ण ब्रॅकेटच बोल्ट काढून बाहेर आणला, व्हाइसमध्ये धरला, आणि क्रँक आधी केसभर, मग आणखी थोडा, करकरत फिरला. त्यातून लाल पाणी गळलं. पुढचं सोपं, पिन दाबून काढली, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ग्रीस, नवीन बुश, खऱ्याखुऱ्या स्प्लिट पिना. हाताने ढकलला तर क्रँक आता स्वतःच्या वजनाने खाली पडायचा.

आता या सगळ्या खटाटोपाची गरज काय होती असं कोणी विचारलं तर मी आकडे सांगतो, कारण भावना सांगितल्या की लोक हसतात. समजा पहिला गिअर ४ चा (म्हणजे इंजिन चारदा फिरलं की पुढचा शाफ्ट एकदा), डिफरन्शियल ४.१ चं, इंजिन ८०० आरपीएमवर आयडल चाललंय आणि टायरचा घेर २.२ मीटर. हायमध्ये क्लच सोडला की गाडी साधारण ताशी ६.४ किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाएवढी. लो २.७२ चा असेल तर तीच गाडी, तेच इंजिन, तोच आवाज, आणि वेग २.४ किलोमीटर. आणि वेग जितक्या पटीने कमी झाला, घर्षणात जाईल ते सोडून, जोर तितक्याच पटीने चाकावर वाढला. हा आकडा गाडीगाणिक बदलतो, विलीज जीपमध्ये १.९७ होता, लँड रोव्हरच्या एलटी२३० ट्रान्सफर केसमध्ये ३.३२ आहे, रँग्लर रुबिकॉनमध्ये ४. पण जोर ही अर्धीच गोष्ट झाली. मी पहिल्यांदा लो रेंज बघितली ती चढावर नाही, उतारावर, एका ओळखीच्या माणसाच्या शेजारी बसून. सुटे दगड, मध्ये पावसाने कापलेली घळ, आणि त्याने लो टाकला, पहिला गिअर, आणि दोन्ही पाय पेडलवरून काढून चक्क मांडीजवळ ओढून घेतले. ब्रेक नाही, क्लच नाही. इंजिन गुरगुरत गाडीला धरून धरून खाली आणत होतं, एकेक चाक दगडावर चढतंय, थांबल्यासारखं होतंय, उतरतंय. मी डॅशबोर्ड पकडून बसलो होतो आणि तो मला कसलीतरी साधी घरगुती गोष्ट सांगत होता, ती काय होती ते एक अक्षर आठवत नाही. ब्रेक मारला असता तर चाकं लॉक होऊन गाडी घसरली असती, हे नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच वाटलं की इतकं जड काहीतरी इतकं सावकाश चालू शकतं, आणि कुणाला त्याची घाई नाही.

तर मग रॉडचं काय करायचं हा प्रश्न राहिला. मित्र म्हणाला सरळ कर आणि बसव, ठोकून पाच मिनिटांचं काम. पण वाकलेला रॉड म्हणजे दोन टोकांमधलं अंतर कमी झालेला रॉड. टोकाला आटे असतात, लॉक नट असतो, लांबी कमी-जास्त करता येते, आणि इथे तो नट आट्यांच्या अगदी शेवटाला नेऊन ठेवलेला होता. म्हणजे कोणीतरी वाकाने गेलेले मिलिमीटर आटे उलटे फिरवून परत मिळवायचा प्रयत्न केला होता. हुशार माणूस. (हातोडीवाला आणि हा एकच असेल असं मला वाटत नाही, पण पुरावा काही नाही.) सरळ केलेला रॉड लागतो तसा चालतो, पण एकदा वाकलेलं लोखंड त्याच जागी परत वाकायला तयार असतं, आणि लांबी थोडी जरी चुकली तरी बाही पूर्ण सरकत नाही. हाच या सगळ्यातला खरा धोका. आतले दाते म्हणजे दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे, पूर्ण गुंतली तर ओढून सुटत नाहीत, फक्त पेरापर्यंत गुंतली तर झटक्यात निसटतात. अर्धवट बसलेल्या दात्यांच्या नुसत्या कडांवर भार येतो, कडा गोल होतात, आणि मग एक दिवस नेमक्या उतारावर लो आपोआप सुटून न्यूट्रलमध्ये जातो आणि धरून ठेवणारं इंजिनच नाहीसं होतं. अजिबात न पडणारा लो परवडला, अर्धा पडणारा नाही. नवीन रॉड लावला. लांबी जुळवताना उलटं केलं, आधी आर्म हाताने लोच्या खाचेत 'टक' बसवला, लिव्हर त्याच्या जागी नेला, आणि मग दोघांमध्ये जेवढं अंतर उरलं तेवढा रॉड केला. हाय आणि न्यूट्रललाही तसंच तपासलं.

ऑइलही बदललं त्याच दिवशी. आधी वरचा भरायचा प्लग सैल करून बघायचा, मगच खालचा उघडायचा, नाहीतर खालून सगळं रिकामं होतं आणि वरचा प्लग उघडतच नाही, गाडी तिथेच उभी. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लगदा होता, बोटांत चोळला तर खडे लागले नाहीत. तेवढं चालतं. कपच्या, दात्याचे तुकडे असते तर वेगळी गोष्ट.

मग लो टाकला. पुढचा एक्सल जोडून, गाडी अगदी रेंगाळत, ३-४ च्या वेगाने, क्लच दाबून, लिव्हर न्यूट्रलमधून सरळ पलीकडे. या दात्यांना साध्या गिअरसारखा सिंक्रो (दोन्हींचा वेग आधी जुळवणारी कडी) नसतो, त्यामुळे गाडी वेगात असेल तर ते ओरडतात, आणि पूर्ण उभी असेल तर कधीकधी टोकाला टोक येऊन अडतात, तेव्हा जोर न लावता गाडी जराशी हलवायची. काही गाड्यांची पुस्तकं थांबूनच टाका म्हणतात, काही रेंगाळत टाका म्हणतात, आपल्या गाडीचं ऐकावं. माझ्या हाताला फक्त टक लागला. मित्र दार उघडून खाली उतरला आणि गाडीबरोबर चालायला लागला, मग गाडीच्या पुढे गेला, आणि वळून आमच्याकडे तोंड करून उलटा चालत राहिला.

बटणवाल्या गाड्यांबद्दल इथे फार बोलत नाही, तिथे रॉडच नाही. बटण दाबलं की एक मोटर फोर्क फिरवते आणि तिच्यावरचा सेन्सर सांगतो कुठे आहोत ते, आणि बॅटरी अशक्त असेल, गिअर न्यूट्रलमध्ये नसेल किंवा वेग जरा जास्त असेल तर दिवा नुसता लुकलुकत राहतो. अडकण्याची कारणं तीच, न वापरणं आणि पाणी. पण तिथे कोणी जोर लावू शकत नाही आणि त्यामुळे खाली काही लिहिलेलंही राहत नाही.

काकांना फोन करावा की नाही यात बरेच दिवस गेले. भांडायचं नव्हतं. पण "गरजच पडली नाही" आणि तो वाक, दोन्ही एकाच गाडीतले, ते मला जुळवता येत नव्हते. शेवटी केला. म्हटलं, "काका, राग मानू नका, पण तो लिव्हर कोणी जोरात ओढला होता का हो कधी?"

ते थोडं थांबले. म्हणाले, "अरे, मी गाडी घेतली तेव्हाही तो तसाच होता. मी एकदा ओढून बघितला, थोडा यायचा आणि परत जायचा. मला वाटलं तो असाच असतो."

"मग कोणाला विचारलं नाहीत?"

"काय विचारणार? गाडी तर चालत होती की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोटं ते बोललेच नव्हते. त्यांना गरज पडली नव्हती, आणि पडली असती तरी नसलेल्या गोष्टीची उणीव कशी भासणार. मग त्यांनीच उत्सुकतेने विचारलं की आता पडतो का, पडल्यावर काय होतं, तर मी त्यांना ते ६.४ आणि २.४ वालं गणित सांगितलं. ते म्हणाले, "एवढी हळू? मग त्याचा उपयोग काय?" मी उताराचं सांगायला लागलो पण पलीकडून त्यांना कोणीतरी हाक मारली.

म्हणजे हातोडीवाला, वायरवाला, लॉक नटवाला, सगळे काकांच्या आधीचे. त्यांच्यापर्यंत पोचायचा काही मार्ग नाही आणि पोचून विचारणार तरी काय.

गेल्या आठवड्यात त्याच मित्राला स्वतःसाठी जुनी फोर बाय फोर बघायची होती, मला सोबत घेऊन गेला. मालक तरतरीत, म्हणाला लो मी दर महिन्याला टाकतो, बघा. टाकून दाखवला, पडला, सुटला, आवाज नाही. मित्राने माझ्याकडे बघितलं. मी टॉर्च काढून खाली गेलो. पिना नव्या, बुश चांगले, ग्रीस ताजं, आणि चासी, ब्रॅकेट, रॉड, नटांच्या डोक्यांसकट सगळ्यावर एकसारखा जाड काळा रंग, नुकताच मारलेला, अजून वास येत होता. रॉड सरळ होता. मी टॉर्च सरकवून सरकवून बघितला, सरळच होता, पण आधीपासून सरळ की नंतर केलेला, ते त्या रंगाखाली काही दिसत नव्हतं. नखाने खरवडून बघावं का असा विचार करत होतो तेवढ्यात वरून मित्राचा आवाज आला, "काय रे, स्वच्छ आहे ना?"

म्हटलं, "स्वच्छ आहे. जरा जास्तच आहे. थांब, दहा मिनिटं दे मला."